एकाच कारखान्याच्या गोळ्या, तरी नेम वेगळा: नेमबाजीतील ‘लॉट’ निवडण्यामागचे शास्त्र

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या शातोरू येथील रेंजवर राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन (गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभ्याने नेम धरण्याच्या) प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले, तेव्हा महाराष्ट्रात हा खेळ प्रथमच घराघरांत बोलला गेला. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या पदकानंतर मराठी खेळाडूचे हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. त्यानंतर आपल्या मुलामुलींना रेंजवर घेऊन जाणाऱ्या पालकांच्या कानावर एक शब्द वारंवार पडू लागला: ‘लॉट टेस्टिंग’, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या गोळ्यांची चाचणी. रायफल विकत घेतली, जॅकेट शिवून घेतले, प्रशिक्षक मिळाला, आणि आता प्रशिक्षक म्हणतात की या बॅरलला, म्हणजे रायफलच्या नळीला, हा लॉट चालत नाही, दुसरा शोधावा लागेल. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन डब्यांतील गोळ्यांत असा कोणता फरक असू शकतो, हा प्रश्न ऐकणाऱ्याला पडतोच, आणि तो अगदी रास्त आहे. उत्तराचा अर्धा भाग यंत्रशास्त्राचा आहे आणि अर्धा संख्याशास्त्राचा. माझ्या मते दुसरा अर्धाच अधिक महत्त्वाचा आहे आणि त्याच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते.

काडतुसाच्या पोटात काय असते

आपण बोलताना ज्याला गोळी म्हणतो ते खरे तर काडतूस असते. त्यात पितळेची पुंगळी, तिच्यात भरलेली दारू, ती पेटवणारे ठिणगीचे मिश्रण आणि तोंडाशी बसवलेली शिशाची गोळी असे चार घटक असतात. ५० मीटर रायफलसाठी ५.६ मिलिमीटर व्यासाचे, ‘पॉइंट टू टू लाँग रायफल’ या नावाने ओळखले जाणारे काडतूस वापरतात. त्यातील गोळीचे वजन साधारण २.६ ग्रॅम असते आणि ती नळीतून सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने बाहेर पडते. हा वेग ध्वनीच्या वेगापेक्षा मुद्दाम कमी ठेवलेला असतो, कारण ध्वनीपेक्षा वेगाने निघालेली अशी गोळी वाटेत मंदावून ध्वनीच्या वेगाखाली येताना हेलकावते आणि वाऱ्यानेही अधिक ढकलली जाते.

या काडतुसाला ‘रिमफायर’ म्हणतात, कारण ठिणगीचे मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेत, म्हणजे रिममध्ये, पसरवलेले असते. रायफलची पिन त्या कडेवर आदळते, कड चिमटली जाते आणि मिश्रण पेटते. ते कडेत सगळीकडे सारखे पसरले आहे की एका बाजूला थोडे अधिक साचले आहे, यावर दारू कशी पेटेल आणि गोळीला वेग किती मिळेल हे अवलंबून असते. त्याशिवाय कडेची जाडी, दारूचे वजन, पुंगळीने गोळी धरून ठेवण्याची पकड, गोळीच्या बुडाची गोलाई आणि गोळीवरील मेणाचा थर या प्रत्येकात केसाएवढा का होईना, फरक राहतोच.

दहा गुण म्हणजे किती मिलिमीटर

केसाएवढ्या फरकाची इतकी चिंता का करावी, हे समजण्यासाठी लक्ष्यफलकाचे मोजमाप पाहावे लागते. ५० मीटरच्या फलकावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. गोळीची कड त्या वर्तुळाला स्पर्शली तरी दहा मिळतात, म्हणून गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत असणे पुरेसे असते. तेथून पुढे दर ८ मिलिमीटरला एक गुण कमी होतो. अंतिम फेरीत दशांश गुण मोजतात, तेव्हा प्रत्येक ०.८ मिलिमीटरला ०.१ गुण जातो. सर्वोच्च गुण १०.९ असतात. पॅरिसच्या अंतिम फेरीत सुवर्ण ४६३.६ गुणांना गेले, म्हणजे ४५ गोळ्यांमागे सरासरी १०.३. जगातील सर्वोत्तम नेमबाजसुद्धा दहाच्या वर्तुळाच्या आत पण त्याच्या कडेपासून फार दूर नाही अशा जागी गोळ्या ठेवत असतात, हे या आकड्यातून दिसते.

आता वेगाचा हिशेब करू. नळीतून निघालेली गोळी ५० मीटर जायला सुमारे ०.१६ सेकंद घेते आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षणाने साधारण साडेबारा सेंटिमीटर खाली येते. हे नेहमीचेच असल्यामुळे रायफलची साइट तेवढी वर जुळवलेली असते आणि नेमबाजाला त्याची अडचण होत नाही. अडचण होते ती एका गोळीहून दुसरीच्या वेगात पडणाऱ्या फरकाची. वेग एक टक्क्याने कमी झाला की वाटेतला वेळ एक टक्क्याने वाढतो. खाली येणे वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ते दोन टक्क्यांनी, म्हणजे सुमारे अडीच मिलिमीटरने वाढते. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक असेल तर एक दुसरीपेक्षा जवळजवळ ८ मिलिमीटर खाली लागेल. नेमबाजाने श्वास रोखून, हृदयाचे ठोके चुकवून, तंतोतंत मध्यावर चाप ओढला तरी काडतुसाने त्याचा एक गुण आधीच ठरवून टाकलेला असू शकतो.

लॉट म्हणजे नेमके काय

स्वेटर विणणाऱ्या स्त्रियांना लॉट समजावून सांगावा लागत नाही. लोकरीच्या गुंड्यांवर रंगाचा क्रमांक सारखा असला तरी रंगवण्याची खेप वेगळी असेल तर बाही आणि पाठ यांच्या छटेत फरक दिसतो, म्हणून लागणारी सगळी लोकर एकाच खेपेची घ्यायची असते. घराला फरशी बसवणारा मिस्त्रीही हेच सांगतो. काडतुसांचेही तसेच आहे. एका यंत्रावर, एका सलग कामात, दारूच्या आणि ठिणगीच्या मिश्रणाच्या एका घाण्यातून आणि पितळेच्या एकाच पट्टीतून तयार झालेल्या काडतुसांना एक लॉट क्रमांक देतात आणि तो प्रत्येक डब्यावर छापलेला असतो. एका लॉटमधील काडतुसे एकमेकांशी जितकी मिळतीजुळती असतात तितकी ती दुसऱ्या लॉटमधील काडतुसांशी नसतात.

एली, लापुआ, आरडब्ल्यूएस यांसारख्या कंपन्यांच्या सर्वांत महागड्या काडतुसांना हा नियम लागू नाही, असा पुष्कळांचा समज असतो, पण तो चुकीचा आहे. महागडे काडतूस घेतल्याने वाईट लॉट हाती येण्याची शक्यता घटते, परंतु दोन चांगल्या लॉटमधील फरक नाहीसा होत नाही.

बॅरलला स्वतःची आवड असते का

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. एखादा लॉट ‘चांगला’ आहे असे म्हणणे अपुरे आहे, कारण तो अमुक बॅरलसाठी चांगला असतो. एका रायफलमध्ये उत्तम चाललेला लॉट शेजारच्या मुलीच्या त्याच बनावटीच्या रायफलमध्ये साधारण ठरू शकतो. तांदळाची उपमा द्यायची तर नव्या तांदळाला पाणी कमी लागते आणि जुन्याला जास्त, हे खरेच, पण तोच तांदूळ एका घरच्या कुकरमध्ये मोकळा होतो आणि दुसऱ्या घरी आसट, हेही खरे असते. गुण तांदळाचा आणि भांड्याचा मिळून असतो.

बॅरलच्या आतील पेचदार खाचा, गोळी जेथे प्रथम त्या खाचांत शिरते तो भाग, नळीचा तोंडाकडील व्यास आणि पिनेच्या आघाताची ताकद या सर्व गोष्टी रायफलगणिक किंचित वेगळ्या असतात. शिवाय गोळी नळीत असतानाच नळी थरथरत असते आणि गोळी बाहेर पडते त्या क्षणी तोंड वर चालले आहे की खाली, याला महत्त्व येते. तोंड वर जात असताना मंद गोळी किंचित उशिरा, म्हणजे किंचित वरच्या कोनात बाहेर पडते आणि तिचे जास्त खाली येणे आपोआप थोडे भरून निघते. यामुळेच वेग मोजण्याच्या यंत्रावर अगदी एकसारखा दिसणारा लॉट फलकावर मात्र पहिला येतोच असे नाही. निर्णय फलकावरील छिद्रांवरूनच करावा लागतो.

चाचणी कशी करतात

माणसाच्या हातातील डगमग चाचणीत मिसळू नये म्हणून रायफल किंवा नुसते बॅरल एका जड, स्थिर पकडीत घट्ट बसवतात आणि बंदिस्त रेंजवर, म्हणजे वाऱ्याशिवाय, गोळ्या झाडतात. काडतुसे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी यासाठी स्वतःची केंद्रे ठेवली आहेत. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला एलीचे आणि जर्मनीत शोनेबेकला लापुआचे असे केंद्र आहे. नेमबाज आपली रायफल घेऊन तेथे जातो, निरनिराळे लॉट झाडून पाहतो आणि आवडलेला लॉट तेथेच राखून ठेवतो.

झाडलेल्या गोळ्यांच्या पुंजक्याला ‘ग्रुप’ म्हणतात आणि सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यांमधील अंतर हे त्याचे रूढ माप आहे. लॉट बदलला की पहिल्या दहा-वीस गोळ्या हिशेबात धरत नाहीत, कारण आधीच्या गोळ्यांवरील मेणाचा थर नळीत असतो आणि नव्या लॉटचा थर बसेपर्यंत नळी स्थिरावत नाही. घाईत ही पायरी वगळणारे लोक पुष्कळ आहेत, आणि मग त्यांच्या नोंदवहीत एका लॉटचा दोष दुसऱ्याच्या नावावर लिहिला जातो.

पाच गोळ्यांचा सुंदर ग्रुप का फसवतो

आता लेखाच्या गाभ्याकडे येतो. समजा आपल्याकडे बारा लॉट आहेत आणि प्रत्येकाच्या पाच गोळ्या झाडायच्या आहेत. असेही समजू की हे बाराही लॉट आपल्या बॅरलसाठी अगदी एकसारखे आहेत आणि प्रत्येकाचा पाच गोळ्यांचा ग्रुप सरासरीने १५ मिलिमीटरचा पडतो. तरीही प्रत्यक्षात बारा ग्रुप १५ चे पडणार नाहीत. निव्वळ योगायोगाने त्यांतील सर्वांत लहान १० मिलिमीटरच्या आसपास आणि सर्वांत मोठा २० च्या पुढे असणे अगदी स्वाभाविक आहे. आपण मात्र दहावाल्या लॉटचे चार-पाच हजार नग मागवतो, वीसवाल्याला नावे ठेवतो, आणि महिन्याभरात तक्रार करू लागतो की लॉट ‘बिघडला’. लॉट बिघडलेला नसतो. तो पहिल्यापासून पंधराचाच होता, आणि चाचणीच्या दिवशी त्याला जे लाभले ते नशीब होते.

सोळा जणांनी प्रत्येकी चार वेळा नाणे उडवले तर त्यांतील एकाला चारही वेळा छाप येणे अपेक्षितच असते. त्या माणसाला छाप आणण्याची कला अवगत आहे असे आपण म्हणत नाही. लॉटच्या बाबतीत मात्र आपण नेमके तसेच म्हणतो, कारण समोर फलकावर एकाच भोकासारखा दिसणारा देखणा ग्रुप असतो आणि डोळ्यांना पुरावा म्हणून तो पुरेसा वाटतो.

यात मोजण्याच्या पद्धतीचाही दोष आहे. ग्रुपचे रूढ माप फक्त दोन टोकांच्या छिद्रांवर ठरते आणि बाकीच्या गोळ्यांची माहिती वाया जाते. पहिल्या आणि शेवटच्या विद्यार्थ्याच्या गुणांवरून अख्ख्या वर्गाची पारख करण्यासारखे ते आहे. शिवाय गोळ्या वाढवल्या की ग्रुप मोठा होतच जातो. तीच रायफल आणि तेच काडतूस असताना दहा गोळ्यांचा ग्रुप पाच गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरीने सुमारे एक चतुर्थांशाने मोठा भरतो. म्हणून एकाचा पाचाचा ग्रुप आणि दुसऱ्याचा दहाचा ग्रुप यांची तुलना निरर्थक ठरते. त्यापेक्षा प्रत्येक छिद्राचे ग्रुपच्या मध्यापासूनचे अंतर मोजून त्यांची सरासरी काढणे अधिक विश्वसनीय आहे, कारण त्यात प्रत्येक गोळीचे म्हणणे ऐकले जाते. आजच्या इलेक्ट्रॉनिक फलकांवर प्रत्येक गोळीचे स्थान नोंदले जाते, त्यामुळे हे गणित अवघड राहिलेले नाही.

किती गोळ्या झाडल्या म्हणजे पुरे, याचे उत्तर थोडे निराशाजनक आहे, कारण अंदाजातील अनिश्चितता निम्मी करायची तर गोळ्या चौपट लागतात. म्हणून शहाणा मार्ग दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात प्रत्येक लॉटच्या दहा ते वीस गोळ्या झाडून उघडपणे वाईट लॉट बाद करावेत. स्थिर पकडीतून झाडताना एखाद्या लॉटच्या गोळ्या वारंवार भरकटत असतील, तर तो दोष नशिबावर ढकलता येत नाही. उरलेल्या तीन-चार लॉटच्या प्रत्येकी चाळीस-पन्नास गोळ्या झाडून सगळे ग्रुप एकावर एक ठेवून पाहावेत. शेवटी निवडलेल्या लॉटच्या पुन्हा नव्या गोळ्या झाडाव्यात आणि अपेक्षा या नव्या निकालावर ठेवावी, कारण ज्या ग्रुपमुळे निवड झाली त्यात नशिबाचा वाटा असतोच आणि दुसऱ्या वेळी ग्रुप बहुधा थोडा मोठा पडतो. वाईट लॉट ओळखणे सोपे असते. चांगल्यांमधून सर्वोत्तम निवडणे फार महाग पडते, आणि पुष्कळदा त्याची गरजही नसते.

मग काडतुसे स्वतःच का भरू नयेत

परदेशातील नेमबाज घरी काडतुसे भरतात असे ऐकून हा प्रश्न हमखास विचारला जातो. ते खरे आहे, पण ते दुसऱ्या जातीच्या काडतुसांबद्दल. ३०० मीटर रायफल, १००० यार्डांपर्यंत खेळली जाणारी एफ-क्लास किंवा अमेरिकेत रुजलेली बेंचरेस्ट या प्रकारांत ‘सेंटरफायर’ काडतूस वापरतात. त्याच्या बुडाच्या मध्यभागी ठिणगीची वेगळी टोपी असते आणि ती बदलता येते. एकदा झाडलेली पुंगळी फुगून त्याच रायफलच्या आतील आकाराची होते, म्हणून तीच पुंगळी पुन्हा वापरणे फायद्याचे ठरते. मग दारू तांदळाच्या दाण्याहून कमी फरकाने तोलणे, गोळी पुंगळीत किती खोल बसवायची हे ठरवणे, पुंगळीच्या मानेची पकड सारखी करणे, अशी कामे नेमबाज स्वतः करतो. आपल्या नेमबाजाला लॉट निवडावा लागतो, तर तो नेमबाज आपला लॉट घडवतो, एवढाच फरक.

फसण्याची जागा मात्र तीच राहते. दारूचे प्रमाण पायरीपायरीने वाढवत प्रत्येक पायरीला एकच गोळी झाडायची आणि जेथे वेग ‘स्थिरावलेला’ दिसेल ते प्रमाण पक्के करायचे, ही पद्धत फार लोकप्रिय आहे. पण तोच प्रयोग दुसऱ्या दिवशी केला तर स्थिर जागा भलतीकडेच दिसू शकते, कारण एकेका गोळीच्या चढउतारात माणसाचा डोळा नसलेला आकार शोधून काढतो.

रिमफायरची पुंगळी मात्र पुन्हा भरता येण्याजोगी नसते. पिनेने कड चेचलेली असते आणि आत मिश्रण सारखे पसरवणे घरच्या साधनांनी शक्य नसते. भारतात तर कायदाही स्पष्ट आहे: १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे गुन्हा आहे आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. त्यात दारूचे प्रमाण चुकले तर नळी किंवा बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा भाग) चेहऱ्यापाशी फुटण्याचा धोका असतो. हा प्रयोग कोणीही करू नये.

हा पैशाचाच खेळ झाला, असे म्हणावे का

हा आक्षेप मला गंभीर वाटतो. भारतात स्पर्धेची उत्तम काडतुसे बहुतांशी परदेशातून, परवान्याने आणि ठरलेल्या मर्यादेत येतात, आणि सामान्य खेळाडूला जो लॉट हाती येतो तोच वापरावा लागतो. इंग्लंडमधील बिस्ली येथे फुलबोअर टार्गेट रायफलच्या, म्हणजे मोठ्या सेंटरफायर काडतुसांच्या रायफलच्या, मोठ्या स्पर्धांत आयोजकच सर्वांना एकसारखी काडतुसे वाटतात. तेथे हा प्रश्न मुळातच उपटून टाकला आहे. ५० मीटरच्या ऑलिंपिक प्रकारात तसे नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या सार्वजनिक रेंजवर सामाईक वापरासाठी एक चांगली स्थिर पकड असावी आणि चाचण्यांच्या नोंदी खेळाडूंनी एकमेकांना खुल्या ठेवाव्यात, असे मला मनापासून वाटते.

तरीही पालकांनी कर्ज काढण्यापूर्वी एक गणित पाहावे. नेमबाजाची डगमग आणि काडतुसाची विखुरण (फलकावर गोळ्या किती पसरतात ते माप) यांची थेट बेरीज होत नाही, तर त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे लागते. शिकाऊ मुलाची स्वतःची विखुरण ४० मिलिमीटर आहे आणि काडतुसाची १५, तर एकूण सुमारे ४२.७ होते. काडतूस १२ चे आणले तर एकूण ४१.८ होते. एवढा खर्च करून एक मिलिमीटरसुद्धा पदरी पडला नाही. उलट झोपून नेम धरण्याच्या प्रोन स्थितीत ज्याची स्वतःची विखुरण १६ वर आली आहे, त्याची एकूण विखुरण त्याच बदलाने २१.९ वरून २० वर येते आणि दशांश गुणांच्या खेळात हा फरक मोठा असतो. म्हणजे ज्याला अजून उभ्याने नऊच्या वर्तुळात गोळ्या राखता येत नाहीत, त्याने एका मध्यम दर्जाच्या लॉटचा मोठा साठा घ्यावा आणि उरलेला पैसा सरावाच्या गोळ्यांवर घालावा. लॉट निवडण्याची वेळ येईल तेव्हा नोंदवहीच ते सांगेल.

लॉट हाती आल्यावर

निवडलेला लॉट साधारणपणे पन्नासच्या डब्यांत आणि पाचशेच्या खोक्यांत येतो. प्रत्येक डब्यावरील क्रमांक तपासून घ्यावा, कारण एकाच खोक्यात दोन लॉट मिसळले गेले तर सगळे श्रम फुकट जातात. साठा कोरड्या आणि सारख्या तापमानाच्या जागी, अर्थातच परवान्याच्या अटींनुसार कुलूपबंद ठेवावा, आणि मे महिन्यातील रेंजवर डबा उन्हात उघडा ठेवू नये, कारण काडतूस तापले की वेग बदलतो आणि मेणही मऊ पडते. नळी साफ केल्यावर पुन्हा किती गोळ्यांनी ग्रुप स्थिरावतो हे एकदा मोजून लिहून ठेवावे. आणि साठ्यातील शेवटचे पाचशे नग उरले की पुढच्या लॉटचा शोध सुरू करावा, म्हणजे नव्याची तुलना जुन्याशी त्याच दिवशी, त्याच बॅरलमधून करता येते. जुना लॉट संपल्यावर शोध सुरू केला, तर तुलनेसाठी हातात काहीच उरत नाही, कारण तो क्रमांक कारखान्यात पुन्हा कधीही तयार होत नाही.